मनकर्णाबाईंची दहा मिनिटं

आठ दिवसांनी एकदा, रविवारी साडेदहाच्या सुमारास पाणी यायचं आणि आठघरीत थाळी वाजायची.

चिकलठाण्याच्या मागं काकासाहेबांच्या बाजरीच्या रानात प्लॉट पडले, तिथं ही गल्ली उभी राहिली. घरं आठच, म्हणून आठघरी. सगळ्यांना मिळून पाईप एक. धरण तळाला गेलं, तेव्हापासून आठही तोट्या एकदम उघडल्या की कुणाचीच घागर भरेना, म्हणून काकासाहेबांनी नंबर लावून दिले. एका घराला दहा मिनिटं. पहिला नंबर गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गीताबाईंचा, आठवा खुद्द काकासाहेबांचा. दहा मिनिटं भरली की गीताबाई मोबाईलमध्ये बघून स्टीलच्या थाळीवर उलथनं हाणायच्या. एका घरानं तोटी बंद करायची, पुढच्यानं उघडायची. थाळी वाजल्यावर कुणी अर्धा तांब्या जरी जास्त भरला, तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होऊन जायचा.

आणि एक कायदा होता. नळाला मोटर लावायची नाही. मोटर सगळी लाईन ओढून घेते आणि मागच्यांच्या नंबराला नळ नुसता फुसफुसतो. जो सापडेल त्याच्या नळाला डमी मारायची, म्हणजे जोड काढून पाईपाच्या तोंडात बूच ठोकायचं. धरण भरेपर्यंत ते काढायचं नाही.

तर कुणीतरी मोटर लावत होतं. सहाव्या आणि सातव्या घराची पिंपं अर्धीच भरत होती. काकासाहेबांच्या नळातून तर सलग दोन रविवार हवा आली होती, आणि ज्या माणसाच्या रानावर अख्खी गल्ली वसली आहे त्याच्या नळातून हवा येणं म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं.

“चोर सापडला पायजे,” ते म्हणायचे. “मग बघतो.”

चोर शोधायचं स्वरालीनं अंगावर घेतलं.

स्वराली पाचव्या नंबराच्या घरातली. यंदा दहावीत. गेल्या दिवाळीपर्यंत तिला कुणी हाक मारली, तर ती आधी मागं वळून बघायची, दुसऱ्या कुणाला मारली असेल म्हणून. मग डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं, सरांनी स्टेजवर तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्या थापेसरशी तिच्या आत कुठलं तरी बटण दाबलं गेलं. तेव्हापासून ती जे बोलायची ते चार माणसांना ऐकू जाईल असंच बोलायची. आईला, म्हणजे अंबिकाताईंना, कौतुकही वाटायचं आणि डोकंही दुखायचं.

तिचा सुदर्शनमामा करमाडला राहायचा आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होता. तिथं भंगारात निघालेला एक यूएसबी ऑसिलोस्कोप, म्हणजे चढउतार मोजून त्यांची रेघ काढायचं यंत्र, त्यानं भाचीला आणून दिलं होतं. दिसायला कंपासपेटीएवढा निळा डबा. त्याला स्वतःचा पडदा नाही, बटणं नाहीत. लॅपटॉपला जोडायचा आणि आपणच प्रोग्राम लिहून त्याला सांगायचं, किती आकडे घे, किती वेळानं घे. डबा आपल्या पोटात आकडे साठवतो आणि पोट भरलं की सगळे एकदम बाहेर टाकतो. मामानं बरोबर पाण्याचा दाब मोजायचा एक पितळी सेन्सरही दिला. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली त्याच पाईपावर जुना सार्वजनिक नळ होता, कित्येक वर्षांत कुणी न उघडलेला. कडुबा प्लंबरनं तो सेन्सर त्याच्यावर बसवून दिला.

पहिल्या रविवारी फजिती झाली. स्वरालीनं डब्याला सेकंदाला एक आकडा घ्यायला सांगितलं होतं. डब्याच्या पोटात पाच हजार आकडे मावायचे, म्हणजे पाणी असेपर्यंतची सगळी ऐंशी मिनिटं आरामात बसणार होती. बसलीही. पण पाण्याचा दाबच इतका मेलेला, की त्यातले बारीक चढउतार डब्याला दिसेचनात. पडद्यावर आली ती दात पडलेल्या कंगव्यासारखी रेघ.

“हे काय?” काकासाहेबांनी विचारलं.

“दाब आहे.”

“मला तर चाळणीतून पीठ पडल्यासारखं दिसतंय. पोरी, यापेक्षा गीताबाईची थाळी बरी.”

सगळे हसले. जुनी स्वराली असती तर तोंड लपवून घरात गेली असती. नवीन स्वरालीनं घरात जाऊन डब्याचं इंग्रजी मॅन्युअल उघडलं आणि आठवडाभर, दहावीच्या जादा तासांनासुद्धा, बाकाखाली मांडीवर ठेवून वाचलं.

तिथं तिला ओव्हरसॅम्पलिंग सापडलं. गंमत साधी होती. एकच आकडा घेऊन त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. चार घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि त्या चारांचा मिळून एक धरायचा. एकट्याचा थरथराट सरासरीत विरून जातो आणि बारीक फरक वर येतो. प्रोग्राममध्ये डब्याला हुकूम देण्याची जी ओळ होती, तिच्यात एका जागी एक होता, तिथं चार लिहायचे. बस.

मॅन्युअलनं बजावलं होतं की याची किंमत पडते. पाच हजारांच्या जागी साडेबाराशेच आकडे मिळतील. स्वरालीनं हिशोब केला, सेकंदाला एक म्हणजे साडेबाराशे सेकंद, म्हणजे पहिली वीस मिनिटं कळतील आणि पुढं डब्याचं पोट भरेल. हरकत नाही, पहिल्या वीस मिनिटांत चोर नाही सापडला तर पुढच्या रविवारी उशिरा सुरू करू. त्याच परिच्छेदात खाली अजून एक वाक्य होतं, की दोन आकड्यांमधलं खरं अंतर किती झालं ते डबा उलट कळवतो, ते वाचून घ्यावं. स्वरालीच्या प्रोग्राममध्ये ते अंतर गेल्या आठवड्यापासून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं, एक सेकंद. डब्याला विचारायचं काय कारण?

दुसऱ्या रविवारी ती लिंबाखाली ओट्यावर बसली. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून लॅपटॉपवर टॉवेल टाकून दिला. पाणी आलं तसं तिनं बटण दाबलं आणि पाय हलवत वाट बघत राहिली. थाळी वाजत होती, बायका ओरडत होत्या, पिंपं धडधडत होती.

दुसऱ्या नंबराच्या मनकर्णाबाई आपली दहा मिनिटं संपवून बाहेर आल्या. मूळच्या फर्दापूरच्या. नवरा लेण्यांपाशी टोप्या-चष्मे विकायचा, तो गेल्यावर त्या इथं दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि उन्हाळाभर कुरडया करून विकायच्या. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा असतो आणि रोज पाणी बदलायचं असतं. ते बदललेलं पाणी त्या भांड्यांना वापरायच्या, भांड्यांचं तुळशीला. त्यांच्या हातात वाटी होती.

“घे. चीक हाय गरम गरम. साखर टाकलीय.”

“आजी, मी कामात आहे.”

“मग कामात खा. मशीनला थोडंच भरवायचंय.”

स्वरालीनं वाटी चाटूनपुसून संपवली. टॉवेल तिनं पाणी गेल्यावरच काढला, डब्याचं पोट मधे कधी भरलं ते बघितलंच नाही.

संध्याकाळी काकासाहेबांच्या ओसरीवर लॅपटॉप उघडला, तेव्हा आठघरीतलं झाडून सगळं माणूस हजर होतं. या खेपेला रेघ अशी आली होती की बघत राहावं. स्वच्छ, सुईनं ओढल्यासारखी. मधेमधे बारीक पायऱ्या, आणि एका ठिकाणी, दहा मिनिटांच्या किंचित पुढं, रेघ धाडकन खड्ड्यात. सव्वाबारा मिनिटांना पुन्हा वर.

“हा खड्डा म्हणजे मोटर,” स्वराली म्हणाली. तिचा आवाज तिलाच आवडला. “दहा मिनिटांनंतर सुरू झाली. जेमतेम दोन मिनिटं चालवली.”

“दहाच्या पुढं म्हणजे कुणाचा नंबर?” काकासाहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण ते स्वरालीच्या तोंडून यायला हवं होतं.

“दुसरा.”

माना वळल्या. मनकर्णाबाई उंबऱ्यापाशी बसल्या होत्या, पदराला पुसलेले हात मांडीवर.

“माझ्याकडं मोटर नाय,” त्या म्हणाल्या.

“दोनच मिनिटं लावती,” गीताबाई म्हणाल्या. “लई हुशार बाई.”

“एवढाल्या कुरडया काय थुंकीत भिजत्यात का?” मागून कुणीतरी बोललं, आणि हशा पिकला.

मग झडती. अख्खी ओसरी उठून दोन खोल्यांत घुसली. पातेली उघडली, गव्हाची बादली पायानं सरकवली, ती कलंडली आणि तीन दिवस भिजलेला गहू फरशीवर पसरला. मोटर कुठंच नव्हती. पलंगाखाली मात्र कूलरचा पंप सापडला, मुठीएवढा, प्लास्टिकचा. कूलर केव्हाच भंगारात गेला होता.

“ही काय?” काकासाहेबांनी तो पंप शेपटीला धरलेल्या उंदरासारखा वायरीला धरून वर केला. “कडुबा, हिला काय म्हणत्यात?”

कडुबा प्लंबर दारात उभा होता. असल्या पंपानं लाईन ओढणं म्हणजे बोंडल्यानं विहीर उपसणं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. पण काकासाहेबांच्या नव्या प्लॉटिंगमध्ये बावीस घरांच्या नळजोडण्या व्हायच्या होत्या.

“मोटर म्हणत्यात,” कडुबा म्हणाला.

स्वरालीलाही माहीत होतं. नववीच्या प्रकल्पात तिनं असाच पंप वापरला होता. त्याचं पाणी हातभर वरसुद्धा चढत नव्हतं. तिनं तोंड उघडलं. मग तिला ती स्वच्छ रेघ आठवली. पंप नसेल हा, दुसरी मोटर असेल, लपवली असेल, पण रेघ तर खरी आहे ना? तिनं तोंड मिटलं.

मनकर्णाबाई गहू गोळा करता करता तिच्यापाशी आल्या. “बाळा, ते तुझं मशीन चुकत नसंल का कधी?”

सगळे ऐकत होते.

“माणूस खोटं बोलतो, आजी,” स्वराली म्हणाली. “मशीन नाही.”

“वा!” काकासाहेब म्हणाले. “याला म्हणत्यात शिक्षण.”

तिथल्या तिथं कडुबानं डमी मारली. पाना फिरवताना तो मनकर्णाबाईंकडं बघत नव्हता. आणि मग काकासाहेबांनी जाहीर केलं की दुसऱ्या नंबराची दहा मिनिटं आता मोकळी झाली, ती आठघरीच्या लेकीला बक्षीस. पाचव्या घरानं आपली दहा भरायची आणि वर दुसऱ्याची दहा. टाळ्या पडल्या. स्वरालीनं आईकडं बघितलं. अंबिकाताई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आनंदानं, असं स्वरालीला वाटलं.

बुधवारी सुदर्शनमामा आला. स्वरालीनं त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही, आधी रेघ दाखवली. मामा कपबशी हातात धरून पडद्याकडं वाकला.

“सुंदर. ओव्हरसॅम्पल किती?”

“चार.”

“आणि या बारीक पायऱ्या कशाच्या?”

“असतील कशाच्या तरी. कुणी बादली सरकवली असेल.”

“इतक्या सारख्या अंतरावर?” मामानं बशीतला चहा फुरकला. “मोज बरं.”

तिनं मोजल्या. दर अडीच मिनिटांनी एक पायरी. मोजता मोजता तिचं बोट हळू झालं. पायऱ्यांनी रेघेचे तुकडे पाडले होते. तुकडे आठ होते.

आठ.

“थाळी,” ती पुटपुटली. एक तोटी बंद होते, दुसरी उघडते, दाब किंचित हलतो.

“खरं अंतर डब्याकडून घेतलंस ना?” मामा म्हणाला. “चारांचा एक केला की दोन आकड्यांतलं अंतरही चौपट होतं. ही वीस मिनिटं नाहीत गं, ही तुझी ऐंशीच्या ऐंशी आहेत.” मग तो कपबशी ठेवायला स्वयंपाकघरात गेला. त्याला आठघरीतलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं ती एका ओळीची चूक होती.

स्वरालीनं ती ओळ दुरुस्त केली. रेघ तीच राहिली, फक्त खालचे आकडे बदलले. खड्डा आता साडेचाळीस मिनिटांना सुरू होत होता आणि एकोणपन्नासला संपत होता. दोन मिनिटं नव्हे, चांगली साडेआठ. चाळीस ते पन्नास म्हणजे पाचवा नंबर. आणि मग तिला आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं, की तिसऱ्या-चौथ्या घरानं पाण्याची तक्रार कधी केलीच नव्हती. हवा यायची ती सहापासून पुढं.

मामा गेल्यावर ती न्हाणीघरात गेली. वॉशिंग मशीनच्या मागं गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हात लावल्यावर कळलं, मोटर. अर्ध्या हॉर्सपॉवरची असावी, नवीकोरी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खाली जुनी सतरंजी घातली होती.

“हात काढ तिथून,” दारातून आई म्हणाली.

“आई, ही आपली मोटर आहे?”

“बाबांनी आणली फेब्रुवारीत. तू हल्ली सगळं चारचौघांत बोलतेस, म्हणून तुला सांगितलं नाही.”

“मग मी रेघ दाखवली तेव्हा बोलली का नाहीस?”

“तू दुसरा म्हणालीस.” अंबिकाताई दाराच्या कडीशी चाळा करत होत्या. “मला वाटलं, तिच्याकडंही असेल. दोघींची असेल. तुझं मशीन कुठं चुकतं?”

“तिच्याकडं नव्हती. चूक माझी होती. मी काकासाहेबांना जाऊन सांगते.”

“जा की.” आईचा आवाज चढला नाही. “सांग, आमची मोटर आहे म्हणून. मग आपल्या नळाला डमी बसेल. तुझी दहावी, आजोबांचं अंथरूण रोज धुवायचं असतं, ते कशात धुवू? आणि दहा मिनिटं परत दिली म्हणून काकासाहेब हसून सोडून देतील, असं वाटतं तुला? ओसरीवर उभं राहून चुकले म्हणणार आहेस? सगळ्यांसमोर? जा, चप्पल घाल.”

स्वरालीनं चप्पल घातली. अंगणापर्यंत गेलीसुद्धा. समोरून सातव्या घरातली गीताबाईंची जाऊ येत होती, ती लांबूनच म्हणाली, “आल्या आमच्या साहेबीणबाई.” आणि हसली, चांगलं हसली. स्वरालीही हसली. फाटकाच्या कडीवर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली, मग आत आली आणि चप्पल काढून जाग्यावर ठेवली.

त्या आठवड्यात मनकर्णाबाईंनी सहा घरी घागर पुढं केली. गीताबाई म्हणाल्या, माझीच पुरत नाही. काकासाहेबांच्या सुनेनं एक तांब्या दिला आणि उरलेलं वर्षभर ती ते सांगणार होती. पाचव्या घराच्या दारात मात्र त्या आल्याच नाहीत. पाणी न बदललेला गहू शुक्रवारी आंबून गेला, गल्लीभर वास सुटला, आणि लोक नाकाला रुमाल लावून म्हणू लागले, बघा, आता घाणही करायला लागली.

रविवारी काकासाहेबांनी स्वतः हाक मारली. “मशीन लाव आजबी. बघू तरी, चोर गेल्यावर रेघ कशी येती.”

स्वरालीनं डबा जोडला. ओव्हरसॅम्पल चार. अंतर या वेळी डब्याकडून घेतलं, हातानं काहीच लिहिलं नाही. बटण दाबलं, टॉवेल टाकला. गीताबाईंची पहिली थाळी वाजली तशी अंबिकाताईंनी दारातून हाक दिली, “स्वराली, पाईप धर गं, आपला नंबर.” दुसऱ्याची दहा मिनिटं त्यांनी ड्रम भरला. पाचव्याच्या दहा मिनिटांत पिंप, हंडे, आजोबांची बादली, अगदी पितळी तांबेसुद्धा भरले. वॉशिंग मशीनमागचं गोणपाट कुणी उघडलं नाही. गरजच पडली नाही.

सहाव्याला धार आली, सातव्याला आली. काकासाहेबांच्या नळाला असं पाणी आलं, की त्यांनी नातवाला त्याच्याखाली आंघोळ घातली.

संध्याकाळी ओसरीवर रेघ उघडली. ऐंशी मिनिटं, आठ तुकडे, आणि कुठंही खड्डा नाही. सगळे आकडे खरे होते. तिच्या प्रोग्राममध्ये आता एकही चूक नव्हती.

“बघा,” काकासाहेब म्हणाले, “आता तरी कुणाला शंका हाय का?”

कुणाला नव्हती. त्यांनी स्वरालीच्या पाठीवर थाप मारली. प्रदर्शनातल्या सरांसारखीच, अगदी त्याच जागी.

माणसं पांगायला लागली तेव्हा मनकर्णाबाई आत आल्या. कुणी त्यांना ये म्हटलं नव्हतं, जाही म्हटलं नाही. त्या पडद्यासमोर वाकल्या. त्यांच्या पदराला आंबलेल्या गव्हाचा वास येत होता. बराच वेळ त्या रेघेकडं, लेण्यांतल्या भिंतीवरची चित्रं बघतात तसं, डावीकडून उजवीकडं बघत राहिल्या.

“यात माझी दहा मिनिटं कुठली?” त्यांनी विचारलं.

काकासाहेब ओसरीच्या पायरीवर थांबले. अंबिकाताईही थांबल्या. त्या स्वरालीकडं बघत होत्या आणि त्यांनी हातातली घराची किल्ली घट्ट धरली होती.

स्वरालीनं बोट उचललं आणि पडद्यावर ठेवलं, पहिल्या पायरीपासून दुसऱ्या पायरीपर्यंत. या वेळी जागा बरोबर होती.

“ही, आजी,” ती म्हणाली. “इथपासून इथपर्यंत.”